सात दाढांचा कागद: दातांना किती ट्रीटमेंट लागते, हे ठरतं कसं?

कॉलेजात दातांच्या मोफत तपासणीचं शिबिर झालं आणि चार दिवसांनी एक ताई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर एकाखाली एक आकडे होते: १६, २६, ३७, ४६, ४७. या पाचांपुढे ‘फिलिंग’. मग ३६, त्याच्यापुढे ‘आरसीटी + कॅप’, म्हणजे रूट कॅनाल आणि त्यावर टोपी. शेवटी ३८, ‘काढणे’. तळाला बेरीज, चोवीस हजार रुपये. शिक्क्याशेजारी ‘हप्त्यांची सोय आहे’ असंही लिहिलेलं.

“डॉक्टर, हिला दुखतंय ते फक्त डावीकडे खाली. बाकीच्या सहा दाढांना काय झालंय? आणि खरंच झालंय का?”

बावीस वर्षं मी लोकांचे दात बघते आहे. पहिला प्रश्न पूर्वीपासून ऐकते. दुसरा गेल्या काही वर्षांत फार वाढला आहे. सोसायटीत शिबिर, शाळेत शिबिर, मॉलमध्ये फ्री चेकअप, आणि प्रत्येक ठिकाणाहून असा एकेक कागद घरी येतो. दुसऱ्या दवाखान्यात गेलं की दुसरा कागद मिळतो आणि दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. माणूस गोंधळतो, मग चिडतो आणि शेवटी सगळंच सोडून देतो. खरी दुखणारी दाढही त्यात राहून जाते, आणि ते मला सगळ्यात जास्त लागतं. म्हणून आपल्या दाताला किती उपचार हवेत हे कसं ठरतं, ते आतल्या बाजूने सांगायचा हा प्रयत्न.

आधी कागद वाचू या

हे आकडे गूढ वाटतात, पण पद्धत सोपी आहे. तोंडाचे चार भाग करायचे. वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. उजवं-डावं पेशंटचं धरायचं. हा झाला पहिला आकडा. दुसरा आकडा मधल्या दातापासून मागे मोजत जायचा. समोरचा दात १, सुळा ३, पहिली मोठी दाढ ६, अक्कलदाढ ८. म्हणजे ३६ ही खाली डावीकडची पहिली मोठी दाढ. आम्ही तिला छत्तीस म्हणत नाही, ‘तीन-सहा’ म्हणतो.

ही दाढ सहाव्या-सातव्या वर्षी येते. दुधाचा एकही दात न पाडता सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष होतं. कागदांवर ३६ आणि ४६ सारखे दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

एवढं कळलं की आरशासमोर टॉर्च धरून तुम्ही स्वतःच बघू शकता की डॉक्टर नक्की कोणत्या दाढेबद्दल बोलत आहेत. पुष्कळांना हे माहीत नसतं आणि दाखवून मागायला संकोच वाटतो. दाखवून मागा.

कीड लागली म्हणजे भोक पडलं असं नाही

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. त्यात नस नसते, म्हणून तो झिजताना दुखत नाही. त्याच्या आत डेंटिन, थोडं मऊ आणि जिवंत. त्याच्याही आत नस.

आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की दातांवरच्या थरातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि इनॅमलमधली खनिजं थोडी सुटून जातात. मग लाळ ती हळूहळू परत आणून ठेवते. हे दिवसभर चालू असतं, अगदी बँकेच्या पासबुकासारखं. प्रत्येक गोड चहा, प्रत्येक बिस्कीट म्हणजे पैसे काढणं. मधला रिकामा वेळ, लाळ आणि फ्लोराइडची पेस्ट म्हणजे पैसे भरणं. दिवसातून दहा वेळा काढत राहिलं तर शिल्लक घटते आणि दातावर खडूसारखा पांढुरका डाग दिसतो. कीड सुरू झाली आहे, पण खातं अजून चालू आहे. या टप्प्यावर भरणा वाढवला तर डाग आहे तिथे थांबतो, कधी कठीण आणि चकचकीतही होतो. ड्रिलची गरज नसते.

खनिजं जातच राहिली आणि वरचा थर आत ढासळला की पोकळी होते. पोकळी आपोआप भरून येत नाही. ब्रशचे केस आत पोचत नाहीत, अन्न अडकतं आणि कीड आतल्या डेंटिनमध्ये पसरते. मग मात्र कीड काढून सिमेंट भरावंच लागतं.

म्हणजे ‘कीड आहे का?’ या प्रश्नाने फारसं काही ठरत नाही. ‘पोकळी झाली आहे का, आणि कीड वाढते आहे की थांबली आहे?’ हे विचारलं पाहिजे. दाढेच्या खाचेतली तपकिरी रेघ वर्षानुवर्षं तशीच असू शकते. ती थांबलेली कीड असेल किंवा नुसता चहा-तंबाखूचा डाग असेल. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या ज्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या लोकांच्या दातांवर तर लहानपणापासून पांढरे-तपकिरी पट्टे असतात. ती कीड नव्हेच. अशा पट्ट्यांना कीड समजून कोरलेले दात मी पाहिले आहेत.

पूर्वी आम्हाला शिकवलं जायचं की टोकदार टोचणी खाचेत घालायची आणि ती अडकली तर कीड आहे असं धरायचं. आता कळतं की खाच अरुंद असली तरी टोचणी अडकते, आणि जोर लावला तर जो थर वाचला असता तोच मोडतो. आज दात कोरडा करून चांगल्या उजेडात बघायचं आणि दोन दाढांच्या मधल्या जागेसाठी एक्स-रे काढायचा, ही रीत आहे.

मग भरायचं नेमकं कधी?

डॉक्टरांची मतं फुटतात ती इथे. एक्स-रेवर कीड काळसर सावलीसारखी दिसते. सावली डेंटिनमध्ये खोल गेली असेल तर दहाही डॉक्टर भरा म्हणतील. ती इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्या भागात असेल तर आजचं शास्त्र थांबा म्हणतं. मधे एक पट्टा आहे. सावली इनॅमल-डेंटिनच्या सीमेवर, जरा इकडे, जरा तिकडे. पोकळी झाली की नाही हे एक्स-रेवरून पक्कं सांगता येत नाही. इथे दोन चांगले, अभ्यासू, सरळ मनाचे डॉक्टर वेगळं सांगू शकतात.

शिवाय ही रेषा काळाप्रमाणे सरकली आहे. अमेरिकेतले ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांना आधुनिक दंतोपचाराचे जनक म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी शिकवलं की पुढे कीड लागू नये म्हणून शेजारच्या चांगल्या खाचाही कोरून भरून टाका. फ्लोराइडची पेस्ट नव्हती, चिकटणारं सिमेंट नव्हतं, तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. जगभरातल्या दंतवैद्यांची संघटना एफडीआय हिने २००२ मध्ये दातांना कमीत कमी हात लावण्याचं धोरण जाहीर केलं. नॉर्वेमध्ये काही वर्षांच्या अंतराने दंतवैद्यांना तोच प्रश्न विचारला गेला: फक्त इनॅमलमध्येच असलेली कीड तुम्ही भराल का? १९८३ मध्ये निम्म्याहून अधिक जण हो म्हणाले होते. २००९ मध्ये हो म्हणणारे अगदी थोडे उरले. तोंडं तीच होती, एक्स-रेही तसेच. गरज मात्र पंचवीस वर्षांत बदलली.

“पण वेळीच भरलं तर पुढचा खर्च वाचतो ना?” हे मला रोज कुणीतरी विचारतं. पोकळी झालेल्या दाढेबाबत ते शंभर टक्के खरं आहे. आज दीड हजारात होणारं काम सहा महिन्यांनी रूट कॅनालवर जाऊ शकतं. पण न ढासळलेल्या दाताला ते लागू होत नाही, कारण फिलिंग कायमचं नसतं. काही वर्षांनी कडा उघडतात आणि ते बदलावं लागतं. बदलताना आजूबाजूचा थोडा दात आणखी जातो. चौदाव्या वर्षी पहिलं फिलिंग झालेली दाढ पस्तिशीपर्यंत दोनदा कोरली गेलेली असते. मग भिंत पातळ होऊन तुकडा पडतो, मग रूट कॅनाल, मग कॅप, मग एक दिवस मूळच तडकतं. शिडीची पहिली पायरी उतरल्याशिवाय हे घडत नाही. म्हणून पहिलं फिलिंग हा त्या दाढेच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय असतो, आणि तो आपण सर्वांत घाईत घेतो.

कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला देतात. माझ्या मते दवाखान्यात तो दाताला द्यायला हवा. थांबून बघितलेली दाढ पुढच्या वेळी कोरता येते. कोरलेली दाढ पुन्हा अखंड करता येत नाही.

एकच तोंड, एकशे ऐंशी खुर्च्या

ही माझी एकटीची चिंता नाही, हे दाखवणारा एक प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये झाला. झुरिकमधल्या संशोधकांनी एका माणसाला पेशंट म्हणून १८० दंतवैद्यांकडे पाठवलं. त्याच्या दातांत इनॅमलपुरतीच उथळ कीड होती, म्हणजे उपचाराची गरज नव्हती. तरी २८ टक्के भेटींत त्याला फिलिंग करून घ्या असं सांगण्यात आलं. अमेरिकेत १९९७ मध्ये रीडर्स डायजेस्टसाठी एका पत्रकाराने स्वतःचं तोंड २८ राज्यांतल्या ५० दंतवैद्यांना दाखवलं होतं. त्याला मिळालेले खर्चाचे अंदाज ५०० डॉलरच्या आतून सुरू होऊन जवळजवळ ३०,००० डॉलरपर्यंत गेले.

झुरिकच्या प्रयोगातल्या दोन गोष्टी मला झोपू देत नाहीत. ज्यांच्याकडे अपॉइंटमेंट लवकर मिळत होती, म्हणजे ज्यांची खुर्ची रिकामी होती, त्यांनी नको ते उपचार जास्त सुचवले. आणि तोच माणूस बेताच्या परिस्थितीतला वाटेल असा गेला तेव्हा त्याला जास्त उपचार सांगितले गेले, सुस्थितीतला वाटला तेव्हा कमी. ज्याला परवडत नाही त्याच्याच पदरात जादा काम पडलं.

असं का होऊ शकतं, ते अर्थशास्त्रज्ञ चांगलं सांगतात. आंबा आपण हुंगून घेतो. खानावळीतली थाळी जेवल्यावर कळते. पण गाडीच्या मेकॅनिकने क्लच प्लेट बदलली आणि गाडी चालू लागली, तर ती न बदलताही चालली असती का हे आपल्याला कधीच कळत नाही. अशा सेवेला विश्वासावर घ्यायची सेवा म्हणतात. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी या दोघांनी तिची ही मांडणी केली. काय बिघडलंय हे सांगणारा आणि ते दुरुस्त करून पैसे घेणारा माणूस एकच असतो, ही तिची खूण. दातांचं तसंच आहे. भरलेली दाढ दुखत नाही, पण ती भरायची गरज होती याचा तो पुरावा होत नाही.

म्हणजे डॉक्टर फसवतात का?

काही फसवतात. ते नाकारून मी माझ्या व्यवसायाची शान राखू शकणार नाही. चांगली दाढ किडलेली आहे असं सांगणं हा खोटेपणा आहे आणि त्याला शिक्षा व्हायला हवी. दंतवैद्यांसाठी १९४८ पासून कायदा आहे, राज्यात दंत परिषद आहे, आणि जुन्या डेंटल कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. पण कुठलाही कायदा त्या मधल्या पट्ट्यात शिरू शकत नाही. तिथे प्रत्येक सल्ला बचाव करता येण्याजोगा असतो.

त्या पट्ट्यात माणूस खोटं न बोलताही वाहत जातो. खाजगी कॉलेजात लाखो रुपये भरून डिग्री घेतलेली, खुर्ची आणि एक्स-रे मशीन कर्जावर, गाळ्याचं भाडं डोक्यावर. मोठ्या क्लिनिकमध्ये नोकरीला लागलेल्या तरुण डॉक्टरला महिन्याच्या कामावर टक्केवारी मिळते. रूट कॅनाल करायला बाहेरून तज्ज्ञ येतो, त्याचाही वाटा असतो. अशा वेळी सीमेवरची सावली जरा जास्त काळी दिसू लागते. ‘भरूनच टाकू, उद्या वाढली तर पेशंट मलाच बोलणार’ हा विचारही असतो, आणि ती भीती खोटी नाही. तोंडात घालायचा कॅमेरा एक खाच टीव्हीएवढी करून दाखवतो. ती पाहून पेशंटच म्हणतो, “अरे बापरे, करून टाका डॉक्टर.”

यात पेशंटचाही एक वाटा आहे. मी अर्धा तास घालवून, एक्स-रे काढून, दाखवून, समजावून सांगते की काही करायचं नाही. मग बाहेर काउंटरवर आवाज येतो, “नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?” तोच माणूस दोन दाढा भरल्या असत्या तर तीन हजार न कुरकुरता देऊन गेला असता. सल्ल्याला किंमत नाही आणि कोरण्याला आहे, अशी रीत आपणच पाडली तर खुर्ची चालवायला कोरावंच लागतं. मोफत शिबिराचा खर्चही शेवटी कुठून तरी भरून निघतच असतो.

कामागणिक पैसे दिले नाहीत तर प्रश्न सुटेल?

सुटत नाही, उलटा होतो. इंग्लंडमध्ये सरकारी सेवेतल्या दंतवैद्यांसाठी २००६ मध्ये नवा करार आला. त्यात उपचारांचे तीन गट पाडले आणि दुसऱ्या गटात एक फिलिंग केलं, सहा केली किंवा रूट कॅनाल केलं तरी डॉक्टरच्या खात्यात सारखेच गुण जमा व्हायचे. दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, तिथल्या संसदेच्या आरोग्य समितीने नोंदवलं की रूट कॅनालसारखी किचकट कामं घटली आहेत. ज्याच्या तोंडात खूप काम आहे तो पेशंट नकोसा झाला. २०२२ मध्ये ते नियम काहीसे बदलावे लागले. कामागणिक पैसे दिले की जादा काम होतं, गट करून दिले की कमी होतं. म्हणून पैशाची कुठलीही पद्धत आली तरी डॉक्टरने आपला सल्ला आणि आपलं बिल मनात वेगळं ठेवण्याची सवय लावून घ्यावीच लागते.

दुखत नाही म्हणजे काही नाही, असंही नाही

इथवर वाचून कुणी ‘म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे जायलाच नको’ असं ठरवलं तर माझी मेहनत वाया गेली. आपल्याकडे नको ते उपचार होतात त्यापेक्षा हवे ते न होणं हे कितीतरी मोठं दुखणं आहे. बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत दातांचा डॉक्टर नाही. बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचा रोजचा खर्च बसत नाही. मग मशेरी लावणारी मावशी हिरड्यांतून रक्त येतंय हे वर्षानुवर्षं ‘उष्णता’ म्हणून सोडून देते. हिरड्यांचा आजार न दुखता हाड खातो. मधुमेह असेल तर तो वेगाने वाढतो आणि उलट साखरही आटोक्यात येऊ देत नाही. तंबाखू ठेवायच्या जागी गालात पांढरा चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतकं उघडेना झालं, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असली, तर तिथे थांबून बघणं नाही. लगेच दाखवायचं.

शिवाय ‘काढून टाका’ हा सल्लाही पुष्कळदा पैशांचा असतो. हातावर पोट असलेल्या माणसाला वाचण्यासारखी दाढ काढायला सांगितली जाते, कारण याला परवडणार नाही हे डॉक्टरने मनातच ठरवलेलं असतं. तो निर्णय त्याचा होता. मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरमध्ये सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर आहे. तिथे रांग लागते, तीन-चार खेपा होतात, पण रूट कॅनाल खूपच कमी खर्चात होतं. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात.

गरज दाताची की माणसाची?

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींना त्यांचा मुलगा घेऊन आला होता. मागच्या चार दाढा कधीच्या पडलेल्या. मुलाला चार इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेले कृत्रिम दात, बसवून द्यायची होती, पैशाचा प्रश्न नव्हता. मी आजींना विचारलं, काय खाता येत नाही? त्या म्हणाल्या, “भाकरी खाते, शेंगदाण्याचा कूट करून घेते. मला काही त्रास नाही बाई, ह्यालाच वाटतंय.”

नेदरलँड्समध्ये आर्न्ड केझर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की मागच्या सगळ्या दाढा नसल्या, पण पुढचे आणि उपदाढा मिळून वीसेक दात जागेवर असले, तर बहुतेकांचं चावणं नीट चालतं. जपानने १९८९ मध्ये लोकांपुढे जे उद्दिष्ट ठेवलं तेही ऐंशीव्या वर्षी वीस दात, असंच होतं. बत्तीस नव्हे. आजींना मी उरलेले दात स्वच्छ करून दिले आणि रात्री ब्रश करायला सांगितलं. मुलगा थोडा नाराज झाला. आपण आईसाठी काही केलं नाही, असं त्याला वाटलं असावं. त्याचं प्रेम मला कळत होतं, पण तोंड आजींचं होतं.

अक्कलदाढेचंही असंच. वारंवार सूज येत असेल, कीड असेल, पुढच्या दाढेला खात असेल तर ती काढावी. नुसती आडवी आहे, पुढे त्रास देईल, म्हणून निरोगी अक्कलदाढा काढत बसू नका, असं इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००० मध्येच स्पष्ट केलं.

आणि लग्नाआधीचं ‘स्माइल डिझाइन’. पंचविशीतल्या मुलीचे सहा-आठ निरोगी दात तासून त्यांवर पांढऱ्या टोप्या बसवायच्या. मागणी तिची आहे, पैसे तिचे आहेत, हे मला मान्य आहे. पण तासलेला दात पुन्हा वाढत नाही, त्या टोप्या आयुष्यात कितीदातरी बदलाव्या लागतील आणि नुसतं ब्लीचिंग किंवा एखादं वर्ष तारा लावून काम झालं असतं, हे तिला कुणी सांगितलं का? सांगितल्यावरही तिने हेच निवडलं, तर मी तिला दुसरीकडे जायला सांगते. याबाबत माझ्या मैत्रिणींचं मत वेगळं आहे, आणि त्याही चांगल्या डॉक्टर आहेत.

‘हो’ म्हणण्याआधी

खुर्चीवर आडवं पडून, तोंड उघडं ठेवून, गळ्यात बिब अडकवलेल्या माणसाने दिलेल्या ‘हो’ला फार अर्थ नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. काय करणार, दुसरे पर्याय कोणते, धोका काय आणि काहीच केलं नाही तर काय होईल, एवढं सांगूनच संमती घ्यायची. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा आणि आपले रिपोर्ट मिळण्याचा हक्क आहे. एक्स-रे तुमचा आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या.

तेव्हा आधी उठून बसा. मग विचारा: हे पोकळ झालंय की नुसता डाग आहे? एक्स-रेत कुठवर गेलंय, मला दाखवाल का? आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे, या यादीतलं कोणतं आज करायलाच हवं, कोणतं पुढे ढकललं तर चालेल आणि कोणतं नुसतं बघत राहायचं? चांगला डॉक्टर या प्रश्नाने सुखावतो. यादीतलं सगळंच ‘आज’ असेल, किंवा ‘ही ऑफर रविवारपर्यंतच’ असं उत्तर आलं, तर पैसे भरण्याआधी दुसरीकडे दाखवा. दाताचे बहुतेक निर्णय आठवडाभर थांबतात. सूज, ताप, रात्रभर ठणकणारी दाढ आणि मार लागून निखळलेला दात मात्र थांबत नाहीत.

दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना पहिला कागद आधी दाखवू नका. नुसतं तोंड दाखवा. कागद आधी वाचला की आमचेही डोळे तेच शोधू लागतात.

त्या कागदाचं पुढे काय झालं

मीही ताईंचा कागद उलटा करून ठेवला आणि मुलीला खुर्चीवर घेतलं. ३६ खरोखर आतल्या नसेपर्यंत किडली होती, गरम चहाने ठणका लागत होता. तिचं रूट कॅनाल केलं, कॅप बसवली. ४६ मध्ये एक्स-रेवर कीड डेंटिनमध्ये स्पष्ट दिसत होती, ती भरली. १६ आणि २६ मध्ये फक्त तपकिरी रेघा होत्या, कठीण आणि चकचकीत. तिथे काही नाही. ४७ च्या खाचेत थोडा पांढुरका थर आणि ३७ च्या पुढच्या बाजूला, ३६ ला चिकटून, सीमेवरची एक सावली. दोन्हींना फ्लोराइडचा लेप दिला. कॉलेजच्या कॅन्टीनमधले चार चहा दोनवर आणायला सांगितले, तिची ‘आयुर्वेदिक’ पेस्ट बिनफ्लोराइडची होती ती बदलायला लावली आणि दर सहा महिन्यांनी बोलावलं. ३८ अर्धी वर आलेली, पण शांत होती. तिलाही तसंच ठेवलं.

दीड वर्षाने काढलेल्या एक्स-रेत ४७ जशीच्या तशी होती. ३७ ची सावली मात्र डेंटिनमध्ये उतरलेली दिसली. मी दोन्ही एक्स-रे स्क्रीनवर शेजारी लावून ताईंना दाखवले आणि ही आता भरावी लागेल असं सांगितलं.

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे या दाढेचं त्या डॉक्टरांचं बरोबर होतं?”

“हो,” मी म्हटलं. “या दाढेचं त्यांचं बरोबर निघालं. मी थांबले, आणि तुमच्या मुलीचं फिलिंग दीड वर्षापूर्वी झालं असतं त्यापेक्षा जरा मोठं होणार आहे.”

त्यांनी पर्समधून तोच जुना कागद काढला. घडीवर आता फाटत आला होता. माझ्या टेबलावरचं पेन घेऊन त्यांनी ३७ भोवती गोल केला, १६ आणि २६ वर रेघ मारली आणि ३८ पुढे प्रश्नचिन्ह काढून कागद पुन्हा पर्समध्ये ठेवला.